निघोज्याची चाल

दिवाळी अंकाच्या संपादकांनी बँडच्या दिवसांवर काहीतरी खुसखुशीत लिहून मागितलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. बँडवाल्याकडे अशा गोष्टींचा तुटवडा नसतो. उधळलेली घोडी, रुसलेले मेहुणे, चिखलात बसलेला नवरदेव, हे सगळं माझ्याकडे पोत्यानं आहे. पण लिहायला बसलो आणि तीन वेळा कागद फाडले. कुठूनही निघालो तरी मी निघोज्यालाच पोचतो, आणि ती गोष्ट खुसखुशीत नाही. शेवटी ठरवलं, तीच सांगावी. संपादकांना नाही आवडली तर त्यांनी परत पाठवावी.

चिंचवड, पिंपरी, चाकण या पट्ट्यात ज्यांची लग्नं पंचाहत्तर ते ऐंशीच्या आसपास झाली, त्यांना 'निघोज्याची' म्हटलं की अजून कळतं. बँडवर वाजणारी एक चाल. तिचे शब्द कुणालाच ठाऊक नव्हते. कुठल्या तरी पडलेल्या सिनेमातलं गाणं असेल, असं लोक धरून चालायचे. वरात रंगात आली की कुणीतरी म्हणायचं, "मास्तर, निघोज्याची होऊ द्या," आणि मी कॉर्नेट ओठाला लावायचो. त्या चालीनं मला नाव दिलं, दारावर पाटी दिली, दोन जिल्ह्यांत ओळख दिली. ती चाल माझी नव्हती. ती माझ्या वडिलांची होती, आणि ते उपासनेचं गाणं होतं.

माझं नाव शमुवेल. बायबलमधल्या ज्या पोराला देवानं नाव घेऊन हाक मारली, त्याचं नाव आईबाबांनी हौसेनं ठेवलेलं. बँडमध्ये त्याचं पहिल्याच दिवशी शाम झालं, पुढे शामराव, आणि शेवटी शाममास्तर. पुष्कळ वर्षं माझ्याकडे सुपारी द्यायला येणाऱ्यांना मी ख्रिस्ती आहे हेही माहीत नव्हतं. सुपारी हा शब्द आता भलत्याच धंद्यात गेला आहे. आमच्यात सुपारी म्हणजे लग्नात वाजवायचं ठरणं, एवढंच.

बासष्ट साली मी नगर जिल्ह्यातून पिंपरीला आलो आणि स्प्रिंगा तयार करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागलो. अठरा वर्षांचा होतो. येताना दोन गोष्टी शिकून आलो होतो. एक म्हणजे पेटी, ती बाबांकडून. दुसरी कॉर्नेट. आमच्या बोर्डिंगच्या शाळेत नाताळच्या फेरीसाठी पाच-सहा वाद्यांचा बँड होता, तिथं ते माझ्या वाट्याला आलं. कॉर्नेट म्हणजे तीन कळांचं आखूड पितळी वाद्य. बँडमध्ये गाणं गातं ते कॉर्नेट. बाकीचे त्याला धरून चालतात. म्हणून कॉर्नेटवाल्यानं चूक करायची नसते, आणि केलीच तर ती मुद्दाम केल्यासारखी दाखवायची असते.

दोन वर्षांनी आई गेली आणि बाबा माझ्याकडे चिंचवड स्टेशनजवळच्या खोलीत राहायला आले. ते खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, रविवारी उपदेश केला, आणि मधल्या वेळात गाणी रचली. येताना त्यांनी एक ट्रंक आणि घडीची पायपेटी आणली. ट्रंकेत काय आहे ते मी विचारलं, तर म्हणाले, "वह्या."

आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, तेव्हा लहान होती. चर्चची इमारत म्हणजे चार भिंती आणि वर पत्रे. सगळे कारखान्यातले लोक, नगर, जालना, सोलापूर अशा ठिकठिकाणचे. उपासना सकाळी आठला सुरू व्हायची. तिसरी पाळी सुटायची साडेसातला, त्यामुळे रात्रभर मशीनवर उभे राहिलेले लोक तसेच तेलकट कपड्यांत धावत यायचे आणि मागच्या बाकांवर दबकत बसायचे. बाबा आल्यावर पेटीची सोय झाली. एरवीची गीतं मी वाजवायचो. बाबांचं एक गाणं होतं, त्याला मात्र ते मला पेटीवरून उठवायचे आणि स्वतः बसायचे.

ते गाणं येशूनं सांगितलेल्या एका गोष्टीवर होतं. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन दूर देशी जातो, सगळं उधळतो, उपाशी मरायची वेळ येते तेव्हा घरी परततो, आणि बाप त्याला लांबून पाहून धावत सुटतो. गोष्ट मुलाची आहे, पण बाबांनी गाणं बापाचं रचलं होतं.

दारात उभा बाप
वाट पाहे लेकराची

चाल अगदी साधी, खेड्यातल्या बायाबापड्यांना दोनदा ऐकून म्हणता येईल अशी. पण पहिल्या ओळीनंतर बाबांनी एक थांबा ठेवला होता. 'दारात उभा बाप' म्हटलं की पेटी बंद, टाळ बंद, सगळे गप्प. पुढची ओळ लगेच घ्यायची नाही. नवीन माणूस हमखास फसायचा आणि एकटाच 'वाट पाहे' म्हणून ओरडायचा. बाबा त्याला नंतर सांगायचे, "बाप वाट बघतोय ना, मग गाणाऱ्यानंही थोडी बघावी."

किती वेळ थांबायचं याचं माप नव्हतं. ते मात्रा मोजत नसत. हात पेटीवरून काढून मांडीवर ठेवायचे आणि दाराकडे बघत बसायचे. तिसऱ्या पाळीचा कुणी फाटकातून येताना दिसला तर तो आत येऊन बाकावर टेकेपर्यंत थांबायचे, आणि मग 'वाट पाहे' उचलायचे. असा उशिरा आलेला एक फिटर मला एकदा म्हणाला होता की त्या ओळीला त्याला आपल्याच नावानं हाक मारल्यासारखं वाटतं. मला तेव्हा त्याचं हसू आलं.

पुढे काही वर्षांनी विजेची ओढाताण सुरू झाली आणि आमच्याकडच्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी रविवारवरून गुरुवारवर गेली. बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. आमच्या मंडळीत मात्र हाहाकार झाला. त्यातच मला स्टोअरमध्ये टाकून कायमची दिवसपाळी दिली. म्हणजे रविवारी सकाळी आठला बाकीचे गीत म्हणणार आणि मी स्प्रिंगा मोजणार. रविवारची सवलत मागायला गेलो, तर फोरमन शांतपणे म्हणाला, "तुमचा देव काय फक्त सकाळीच भेटतो का?" दीड वर्ष मी तसं काढलं आणि एक दिवस राजीनामा दिला.

त्या राजीनाम्यामागचा माझा हिशेब सांगतो, म्हणजे माझी अक्कल वाचकांना कळेल. चिंचवड गावात गणपतमास्तरांचा बँड होता आणि त्यांना जोडीला आणखी एक कॉर्नेटवाला हवा होता. मी विचार केला, इथले लोक कामगार. त्यांना सुट्टी गुरुवारी. म्हणजे लग्नं गुरुवारी निघणार. म्हणजे रविवार माझा आणि प्रभूचा. संगीतावर पोटही भरेल आणि पेटीही सुटणार नाही. पंचांगाला विजेचं वेळापत्रक माहीत नसतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तिथी रविवारी आली की लग्न रविवारी, आणि नवरदेव रजा टाकून मोकळा.

चर्चच्या पंचांनी मला बोलावलं. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी वडीलधारी माणसं. त्यातल्या एकांनी विचारलं की मारुतीच्या देवळापुढं वाजवणारे हात इथं पेटीवर कसे चालायचे. मी खाली बघत होतो. बाबा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "साबणानं धुऊन येईल की." पंच हसले आणि विषय तिथंच राहिला. मजा म्हणजे दोन वर्षांनी त्याच पंचांच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा ते हळूच माझ्याकडे येऊन म्हणाले की बँड आणायचा, पण जरा साधा आणायचा. साधा बँड कसा असतो हे मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी चर्चमधून घरी येताना मात्र बाबांनी मला एकच गोष्ट सांगितली. म्हणाले, "तू काय वाजवावंस हे मी सांगणार नाही. फक्त आतलं काही बाहेर न्यायचं झालं, तर आधी मला विचार." मी लगेच हो म्हणालो. आतलं बाहेर कशाला न्यायचं, असं मला तेव्हा वाटत होतं.

बँडचं काम लांबून दिसतं तसं नसतं. लाल कोट आणि जरीची टोपी यात उन्हाळ्यात माणूस उकडून निघतो. वाद्य थंड असलं की सूर खाली बसतो, तापलं की वर चढतो. म्हणून वाजवायच्या आधी अर्धा तास ते तोंडाशी धरून गरम करत राहायचं. ओठ हीच आमची खरी मिळकत. ओठ फुटला की महिना बसून काढावा लागतो. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे चालू वरातीत थांबायचं नाही. खोकला आला तरी, खड्ड्यात पाय गेला तरी. बँड थांबला की नाचणारे थांबतात, नाचणारे थांबले की भांडण निघतं.

गणपतमास्तर मूळचे चिंचवड गावचे, मोठ्या मिशांचे, अंगठाबहाद्दर पण कानाचे फार पक्के. साइड ड्रमवर कचरू होता. तो बीडकडून आलेला, बौद्ध घरातला, दिवसा एका फाउंड्रीत काम करायचा आणि सुट्टी-रजा बघून आमच्यात यायचा. आम्ही दोघं ज्या मारुतीपुढं सगळ्यात जोरात वाजवायचो त्या मारुतीला दोघंही नमस्कार करत नसू. गणपतमास्तर म्हणायचे की देवाला आवाज जाण्याशी मतलब आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका टर्नरची हौस अशी की वरात त्याच्या कंपनीच्या फाटकावरून न्यायची, ती पण बरोबर तीनला, पाळी सुटताना, म्हणजे सगळ्यांनी बघितलं पाहिजे. आम्ही फाटकाशी आलो आणि वर कंपनीचा भोंगा सुरू झाला. भोंग्यापुढं बँडचं काय चालणार? सगळी वाद्यं बेसूर वाटायला लागली. मी ऐकलं, तर भोंगा पेटीवरच्या काळी दोनच्या सुराच्या किंचित खाली स्थिर झाला होता. कॉर्नेटची नळी जरा बाहेर ओढली, मागच्यांना खूण केली, आणि भोंग्याच्या सुरातच गाणं सुरू केलं. तो अख्खा भोंगा आमचा तंबोरा झाला. कामगारांनी सायकली सोडून टाळ्या वाजवल्या. गणपतमास्तरांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ती थाप मला अजून आठवते, हे कबूल केलं पाहिजे. मला कौतुकाची चटक होती, आणि चर्चमध्ये कौतुक देवाचं व्हायचं.

आता निघोजे. चाकणजवळचं हे गाव तेव्हा निव्वळ शेतीचं होतं. कंपनीत लागलेला एक मुलगा नवरा, आणि मुलीकडचेही तालेवार. त्यांनी आपला वेगळा बँड आणलेला. दोन बँड मारुतीपुढं समोरासमोर आले की लग्न राहतं बाजूला. गाव गोल करून उभं राहतं आणि दोघांची जुंपते. जो आधी थांबेल तो हरला. तो रविवार होता. सकाळी चिंचवडमध्ये बाबा पेटीवर बसले असतील, असा विचार एकदा मनात आला आणि गेला.

समोरच्यांकडे ताजी गाणी होती. आम्ही एक वाजवलं की ते त्याहून नवं काढायचे. तासाभरात आमची पोतडी रिकामी झाली. नेमका तेव्हाच गणपतमास्तरांचा ओठ फुटला आणि हनुवटीवर रक्त आलं. त्यांनी आपलं कॉर्नेट खाली केलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शाम्या, वाजीव काय बी. पर थांबू नगंस."

काय बी म्हटल्यावर माणसाच्या हातात तेच येतं जे सगळ्यात आत असतं. मी 'दारात उभा बाप' सुरू केलं. कचरूनं त्याला ठेका दिला तो वरातीचा, दुप्पट लयीत. पहिली ओळ झाली आणि मी थांबलो. मुद्दाम नाही. इतक्या वर्षांची सवय. माझं तोंड आपोआप कॉर्नेटवरून सुटलं आणि मी चक्क वेशीकडे बघायला लागलो. गाव आ करून बघतंय, समोरचा बँड हसायच्या बेतात, आणि आता आपण हरलो हे कचरूच्या लक्षात आलं. त्यानं ती रिकामी जागा साइड ड्रमच्या तडतडाटानं भरून काढली, असा काही हात फिरवला की अंगावर काटा यावा. त्याचा तडतडाट संपला तिथं मी बरोबर दुसरी ओळ उचलली.

गाव वेडं झालं. लोकांना वाटलं ती करामत आहे. आधी अचानक शांतता, मग ड्रमची सर, मग चाल. परत परत तेच वाजवायला लावलं. त्या सरीला हात वर करून गिरकी घ्यायची, असा नाच त्याच दुपारी पोरांनी बसवला. समोरच्या बँडनं अखेर वाद्यं खाली ठेवली. परतताना ट्रकमध्ये सगळे माझ्या गळ्यात पडत होते. बाबांना विचारायचं राहिलं हे मला आकुर्डीच्या आसपास आठवलं. घरी गेल्यावर विचारू म्हटलं. घरी गेलो तर ते जेवून वाचत बसले होते, आणि मी विचारलं नाही.

मग 'निघोज्याची' सुटली ती सुटलीच. सुपारी देतानाच लोक अट घालू लागले. पुढे पुढे ड्रमच्या आधीची ती क्षणभराची शांतताही गेली, कारण नाचणाऱ्यांना तेवढाही दम धरवेना. ओळ संपायच्या आतच कचरूचा हात सुरू व्हायचा. गणपतमास्तर थकल्यावर बँड माझ्याकडे आला. लग्नसराईत एकही रविवार मोकळा राहीना. मी आषाढापासून दिवाळीपर्यंत पक्का ख्रिस्ती असायचो आणि तुळशीच्या लग्नानंतर मंडळीला दिसेनासा व्हायचो. हा विनोद पाळकसाहेबांचा आहे. पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू. ते हे हसत म्हणायचे, आणि मीही हसायचो.

पावसाळ्यातल्या रविवारी मी चर्चमध्ये असायचो तेव्हा बाबा एकदोनदा मला म्हणाले होते, "आज माझं गाणं तू घे." त्यांच्या बोटांना तेव्हा कंप सुटायला लागला होता. मी म्हणायचो, "ओठाला सुट्टी आहे बाबा, बोटांनाही असू द्या." खरं कारण वेगळं होतं. ते गाणं त्यांच्यासमोर वाजवायची मला भीती वाटत होती.

बाबांच्या कानावर ते कधीतरी जाणारच होतं. एका गुरुवारी सकाळी वरात आमच्याच रस्त्यानं निघाली. मी टाळायला बघितलं होतं, पण नवरदेवाचं घर तिथंच. आमच्या खोलीपासून थोडं पुढे गेल्यावर पोरांनी 'निघोज्याची' मागितली. सुरू केली आणि डाव्या बाजूला बघितलं, तर बाबा. पांढरा शर्ट, धोतर, हात मागे बांधलेले. रस्त्याच्या कडेनं बँडबरोबर चालत होते. मान खाली घालून ऐकत होते, शाळेत मुलाचं पाठांतर ऐकावं तसे. मला थांबता येईना. कॉर्नेटवाल्यानं थांबायचं नसतं. शंभरएक पावलं ते आमच्या जोडीनं चालले. माझ्यासमोर पोरं गिरक्या घेत होती, एकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता, आणि बाबा चाल संपेपर्यंत बरोबर राहिले. मग वळून घरी गेले.

दुपारी जेवायला बसलो. माझी बायको सुवार्ता वाढत होती. तिला काय झालंय ते समजलं होतं आणि ती आमच्या दोघांच्या ताटांकडे बघत उभी होती. बाबा भात कालवत म्हणाले, "वाजवतोस छान."

मला वाटलं, सुटलो.

"थांबा कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की वरातीत थांबता येत नाही, लोक नाचत असतात, त्यांचे पाय अडखळतात.

"अडखळले असते तर काय झालं असतं?"

 त्यांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "गाण्याची चाल मी बांधली, शमुवेल, पण चाल म्हणजे चालणं. ती माझ्या दारात बसून राहावी असं मी कधी म्हटलं नसतं. विचारलं असतंस तर हो म्हणालो असतो. थांबा तेवढा ठेव, एवढंच सांगितलं असतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागावर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी मनाशी ठरवलं की थांबा परत आणायचा, कचरूला सांगायचं की ती जागा रिकामी सोड. पण लोक नाचायचे ते त्या जागेवरच. ही सराई जाऊ दे, मग बदलू, असं म्हणत तीन सराया गेल्या. आणि कचरूला तर मी हेही कधी सांगितलं नाही की ते उपासनेचं गाणं आहे.

त्या सरायांतल्याच एका रविवारी मी संध्याकाळी चाकणहून घरी आलो. सुवार्तानं पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि म्हणाली, "आज बाबा थांबले ते थांबलेच."

मला आधी कळलं नाही. मग तिनं सांगितलं. सकाळी बाबांनी आपलं गाणं घेतलं होतं. पहिली ओळ झाली, त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि दाराकडे बघत बसले. तिसऱ्या पाळीचे लोक आले, बसले. बाबांनी ओळ उचलली नाही. मुलं खुसखुसायला लागली, कुणी खोकलं. शेवटी पाळकसाहेब उठून त्यांच्याजवळ गेले, तेव्हा कुठे त्यांनी पेटीला हात लावला.

"कुणाची वाट बघत होते ते सगळ्यांना कळत होतं," ती म्हणाली. "मला मान वर करवेना."

त्या सकाळी मी चाकणला होतो. परण्या निघाला होता, म्हणजे नवरदेवाची घोड्यावरची मिरवणूक, आणि पोरांनी 'निघोज्याची' मागितली होती. वेळ ताडून बघितली तर फार फरक पडत नव्हता. इथं बाबा पहिल्या ओळीवर थांबले होते आणि तिथं मी दुसरी ओळ वाजवत होतो. पुढच्या रविवारी नक्की जायचं असं मी सुवार्ताला कबूल केलं. पुढच्या रविवारची सुपारी आधीच घेतलेली होती.

त्यानंतर बाबांनी ते गाणं घेतलं नाही. मग बोटं चालेनाशी झाली आणि पेटी दुसऱ्या कुणाकडे गेली. ते गेले ते भर पावसाळ्यात, लग्नाच्या तिथी नसताना. मला मोकळीक असेल तेव्हाच जावं, असा विचार त्यांनी केला असेल असं मला अजूनही वाटतं.

चर्च भरलं होतं. बँडची सगळी माणसं आली होती, कोट-टोपीशिवाय, पांढऱ्या कपड्यांत, आणि मागच्या बाकांवर जिथं पूर्वी तिसऱ्या पाळीचे लोक बसायचे तिथं ओळीनं बसली होती. पाळकसाहेब म्हणाले, मास्तरांचं गाणं आज त्यांच्या मुलानं घ्यावं. मी पेटीवर बसलो. समोर पेटी, तिच्यापलीकडे शवपेटी, आणि तिच्यापलीकडे उघडं दार.

दारात उभा बाप, असं सगळ्यांनी म्हटलं. मी हात काढून मांडीवर ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा तो थांबा माझ्या हातात आला होता. मी दाराकडे बघितलं.

त्या शांततेत मागून बारीक तडतड ऐकू आली. कचरूची बोटं बाकाच्या फळीवर फिरत होती. तो मान खाली घालून रडत होता आणि बोटं आपली सवयीनं चालली होती. सगळ्या चर्चनं ते ऐकलं. वळून बघितलं कुणी नाही. आणि लिहायला लाज वाटते, पण त्याची सर संपली त्याच क्षणी माझे हात पेटीवर आले आणि मी दुसरी ओळ उचलली. नेमकी, अचूक, मात्राही न चुकता. मला बाकाकडे दुर्लक्ष करून थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत लय वाढत वाढत वरातीची झाली होती आणि लोक रडत रडत तशाच लयीत म्हणत होते.

दफनभूमीच्या फाटकाशी कचरू माझ्याजवळ आला. त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, "चुकलं मास्तर. हात गेला आपोआप. ती जागा म्या कधी रिकामी पाह्यलीच न्हाई."

मी त्याला जवळ घेतलं. त्याचा काही दोष नव्हता.

पुढच्या सराईत मी एकही सुपारी घेतली नाही. लोकांना वाटलं ओठ गेला. मी तसंच वाटू दिलं. बँड कचरूच्या स्वाधीन केला आणि त्याला एवढंच सांगितलं की निघोज्याची वाजवू नकोस. त्यानं का म्हणून विचारलं नाही. दोन-चार वर्षांत लोकही ती विसरले. चर्चमध्येही ते गाणं पुन्हा कुणी काढलं नाही, बहुधा माझ्याकडे बघून.

आता मी दर रविवारी पेटीवर असतो. एकही रविवार चुकवत नाही. बाबांची वही माझ्याजवळ आहे. तिच्यात शब्द आहेत आणि पहिल्या ओळीपुढे शाईनं एक छोटी आडवी रेघ ओढलेली आहे. किती थांबायचं ते लिहिलेलं नाही. कधीकधी दुपारी चर्चची किल्ली घेऊन मी एकटाच जातो आणि ते गाणं वाजवून बघतो. चार मात्रा मोजून बघितल्या, आठ मोजून बघितल्या. मोजायला लागलं की कचरूचा ड्रम ऐकू येतो. मग मोजणं सोडून बाबांसारखे हात मांडीवर ठेवतो आणि दाराकडे बघत बसतो. पण दुसरी ओळ कधी उचलायची ते कळत नाही. ज्याला यायला उशीर झाला होता, तो तर पेटीवरच बसलेला असतो.